प्रकल्प नोंदी: ड्रायव्हरमधली स्ट्रिंग फॉरमॅटिंग साफ करताना

१२ जानेवारी

डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डचा लिनक्स ड्रायव्हर ताब्यात घेतलाय. कोड जुना आहे, कर्नल ट्रीच्या (लिनक्सच्या मुख्य सोर्सच्या) बाहेर वाढलेला, आणि त्यात एसप्रिंटएफ, म्हणजे बफरची साइझ न बघता त्यात मजकूर बनवून लिहिणारं फंक्शन, नुसतं पसरलंय. ग्रेप मारून शोधलं की स्क्रीन भरून वाहते. पहिलं काम हेच ठरलं की ही सगळी फॉरमॅटिंग सुरक्षित करायची आणि मगच नवीन कार्डचा सपोर्ट घालायचा.

टीममध्ये पहिली सूचना आली की सरळ सर्च-रिप्लेस करू, एसप्रिंटएफच्या जागी एसएनप्रिंटएफ आणि साइझ टाकून द्यायची, तासाभराचं काम. मला हे अजिबात पटलेलं नाही. बफरचा मालक कोण, तो केवढा आणि फंक्शननं परत दिलेला आकडा पुढे कोण वापरतंय, या तीन गोष्टी प्रत्येक ठिकाणी बघायच्या आणि मग फंक्शन निवडायचं असं ठरवून घेतलंय. वेळ जाईल, जाऊ दे.

१४ जानेवारी

सिसएफएस म्हणजे ड्रायव्हरच्या किमती फाइल म्हणून दाखवणारी कर्नलची व्यवस्था, आणि फाइल वाचली की मजकूर बनवून देतं ते शो फंक्शन. या शो फंक्शन्सपासून सुरुवात केली. इथे गंमत अशी की फंक्शनला फक्त बफ मिळतो, त्याची साइझ मिळतच नाही. ती एक पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा, बहुतेक मशीनवर ४०९६ बाइट) असते हे ज्याला माहिती आहे त्याला माहिती आहे, बाकीचे एसप्रिंटएफ करून मोकळे. एकच आकडा छापायचा असेल तर काही बिघडत नाही, पण आपल्याकडे चॅनल स्टेटसची फाइल आहे, तिच्यात लूप आहे आणि लूपमध्ये कोणीतरी आधीच "सुरक्षित" करून ठेवलंय:

लेन += एसएनप्रिंटएफ(बफ + लेन, पेज_साइझ - लेन, ...)

हे वाचायला एकदम बरोबर वाटतं आणि नाहीये. एसएनप्रिंटएफ किती लिहिलं ते सांगत नाही, जागा असती तर किती लिहिलं असतं ते सांगतं. म्हणजे पेजमध्ये ३० बाइट उरलेत आणि ओळ १४० ची आहे तर लिहिणार २९ अक्षरं आणि शेवटचा शून्य, पण लेन वाढणार १४० नी. आता लेन ४०९६ च्या पुढे गेला. पुढच्या फेरीला पेज_साइझ - लेन उणे व्हायला हवं, पण साइझ अनसाइन्ड आहे, त्यामुळे तो प्रचंड मोठा आकडा होतो आणि बफ + लेन तर आधीच पेजच्या बाहेर. साध्या सी लायब्ररीत इथून पुढे बिनधास्त बाहेर लिहिलं जातं. कर्नलमध्ये नशिबानं व्हीएसएनप्रिंटएफच्या सुरुवातीलाच एक तपासणी आहे, साइझ इंट_मॅक्सपेक्षा मोठी दिसली की वॉर्निंग देतो आणि शून्य परत करतो. म्हणून मेमरी खराब होत नाही, पण पॅनिक_ऑन_वॉर्न (वॉर्निंग आली की मशीन थांबवणारी सेटिंग) लावलेल्या मशीनवर या एका फाइलला कॅट मारून ती वाचली की मशीन बंद! आणि ते लावलेलं नसेल तर शो फंक्शन ४०९६ पेक्षा मोठी लांबी परत देतं, मग ड्रायव्हर कोअर लॉगमध्ये "रिटर्न्ड बॅड काउंट" अशी ओळ टाकतं आणि सिसएफएस लांबी पेजच्या आत कापून घेतं.

हे आजवर दिसलं का नाही? तर ३२ चॅनल असलेल्या कार्डवर सगळे चॅनल एररमध्ये गेले तरच ओळी एवढ्या लांब होतात, ३२ गुणिले १४० म्हणजे ४४८०, आणि तेव्हाच पेज ओलांडतं. त्यात टेस्टचं मशीन एआरएम६४ चं, ६४ केबी पेज लावलेलं. तिथे पेज_साइझ ६५५३६ आहे, त्यामुळे ओलांडायचा प्रश्नच नाही. बग फक्त ४ केबी पेजवर, तोही सगळं बिघडलेलं असताना. म्हणजे नेमकं जेव्हा माणसाला ती फाइल वाचायची गरज असते तेव्हाच.

१९ जानेवारी

शो फंक्शन्स सगळी सिसएफएस_एमिट वर नेतोय, लूप असेल तिथे सिसएफएस_एमिट_अ‍ॅट. ही दोन्ही ५.१० पासून कर्नलमध्ये आहेत. आतून ती एससीएनप्रिंटएफसारखीच चालतात, म्हणजे खरोखर लिहिलं तेवढंच परत देतात, वर पेजची साइझ त्यांना स्वतःला माहिती असते आणि बफ पेजच्या सुरुवातीलाच आहे ना हेही तपासतात. नसेल तर वॉर्निंग आणि शून्य.

याच शेवटच्या तपासणीमुळे आंधळं रिप्लेस इथेही चाललं नसतं. आपल्या कोडमध्ये एक मदतनीस फंक्शन आहे, एका चॅनलची ओळ बनवणारं, त्याला शो फंक्शन बफ + लेन देतं आणि डीबगएफएसवाला (डीबगिंगसाठीच्या फाइल दाखवणारा) कोड स्वतःचा लोकल अ‍ॅरे देतो. तिथे सिसएफएस_एमिट घातलं असतं तर दोन्हीकडे वॉर्निंग येऊन आउटपुट रिकामं झालं असतं. त्या फंक्शनला बफर आणि साइझ दोन्ही घ्यायला लावलं आणि आत एससीएनप्रिंटएफ ठेवलं.

रिव्ह्यूमध्ये विचारलं गेलं की एकच %डी छापणाऱ्या फंक्शनला एवढं कशाला, ते कधी पेज ओलांडणार? आकड्याचं खरंय. पण स्ट्रिंगचं तसं नाही, आणि याचं उदाहरण कर्नलच्या आतच आहे. आयस्कझीचं (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत), सीव्हीई-२०२१-२७३६५. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक. सेशनचे काही गुणधर्म नेटलिंकवरून (प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातला मेसेजचा मार्ग) सेट करता यायचे, लांबीवर बंधन नव्हतं, नेटलिंक मेसेज जेवढा मोठा तेवढी स्ट्रिंग. नंतर सिसएफएसमधून तोच गुणधर्म वाचला की शो फंक्शन साध्या एसप्रिंटएफनं तो एका पेजच्या बफरमध्ये ओतायचं, आणि हीप ओव्हरफ्लो, म्हणजे बफरच्या पलीकडची मेमरी खराब. साध्या यूजरला करता येण्यासारखं. हा कोड जवळजवळ पंधरा वर्षं तसाच बसून होता, आणि दुरुस्ती काय तर लांबीची तपासणी आणि एसप्रिंटएफच्या जागी सिसएफएस_एमिट. लिहिणाऱ्यानं "हे छोटंच असणार" असं धरलेलं असतं आणि पुढे दुसऱ्याच कोपऱ्यातून ते मोठं करायची वाट कोणीतरी उघडतं, त्याला एसप्रिंटएफचं काही माहितीच नसतं. म्हणून आकडा असो की स्ट्रिंग, शो फंक्शनमध्ये सरसकट एमिट. एक नियम असला की वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागत नाही.

२२ जानेवारी

डीबगएफएस. इथे जे सापडलं ते मला सिसएफएसपेक्षा जास्त गंभीर वाटतं, कारण यात काहीच क्रॅश होत नाही.

रीड फंक्शन असं आहे: स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ८० बाइटचा टीएमपी अ‍ॅरे, त्यात एसएनप्रिंटएफ(टीएमपी, साइझऑफ(टीएमपी), ...), परत आलेला आकडा लेनमध्ये, आणि मग बफरमधले बाइट यूजरला कॉपी करणाऱ्या सिंपल_रीड_फ्रॉम_बफर ला टीएमपी आणि लेन देऊन टाकलाय. लिहिताना काही बाहेर जात नाही, ८० च्या आतच राहतं. पण मजकूर ९७ चा झाला तर लेन ९७ येतो, आणि यूजरला कॉपी होतात ९७ बाइट. म्हणजे ७९ अक्षरं, एक शून्य, आणि पुढचे १७ बाइट स्टॅकवर जे काही पडलेलं असेल ते. एखादा कर्नल पॉइंटर, कोणाचा तरी अर्धवट डेटा, काहीही. साइझ दिलीये, एन लावलाय, कोड नजरेला स्वच्छ दिसतोय आणि तरी कर्नलची मेमरी बाहेर गळतेय.

हार्डन्ड यूजरकॉपी (यूजरला कॉपी करताना होणारी कर्नलची तपासणी) वाचवेल असं कोणी म्हणेल, पण तिला फार तर स्टॅक फ्रेमची हद्द दिसते, फ्रेमच्या आतला एकेक व्हेरिएबल दिसत नाही, त्यामुळे शेजारचे १७ बाइट ती सोडून देते. केएएसएएन (मेमरीच्या चुका शोधणारा कर्नलचा तपासनीस) लावला तर मात्र पकडतो, स्टॅक आउट-ऑफ-बाउंड्स म्हणून लगेच रिपोर्ट येतो. आज मुद्दाम लांब फर्मवेअर व्हर्जन देऊन चालवलं आणि रिपोर्ट आला, तो पॅचच्या वर्णनात चिकटवला.

दुरुस्ती एका अक्षराची, एससीएनप्रिंटएफ. ते ७९ परत देतं. एकेरी किमतींना हे पुरे, पण मोठ्या रजिस्टर डंपला मी सरळ सीक्यू_फाइल वापरली, सीक्यू_प्रिंटएफमध्ये जागा संपली की कर्नल बफर दुप्पट करून शो पुन्हा चालवतो, आपल्याला साइझचा हिशेबच ठेवावा लागत नाही. चॅनल स्टेटसची ती ३२ ओळींची फाइलही खरं तर इथेच हवी, सिसएफएसमध्ये एका फाइलमागे एक किंमत असा दंडक आहे. पण जुनी टूल्स ती फाइल वाचतात, म्हणून ती तिथेच ठेवली, एमिट_अ‍ॅटनं ४०९५ ला कापली जाईल अशी, आणि पूर्ण यादी डीबगएफएसमध्ये वेगळी दिली.

२७ जानेवारी

ड्रायव्हरचं स्वतःचं एक लॉग फंक्शन आहे, कार्ड_लॉग. फॉरमॅट आणि पुढची आर्ग्युमेंट्स घेतं, २५६ बाइटच्या स्टॅटिक बफरमध्ये व्हीएसप्रिंटएफ करतं, मग डेव्ह_इन्फोनं लॉगमध्ये टाकतं. यात तीन दुखणी आहेत. व्हीएसप्रिंटएफला साइझ नाही. बफर स्टॅटिक असल्यानं इंटरप्टमधून आणि प्रोसेसमधून एकाच वेळी हाक आली तर दोन मेसेज एकमेकांत मिसळतात. आणि तिसरं सगळ्यात वाईट, या फंक्शनवर __प्रिंटएफ अ‍ॅट्रिब्यूट नाही, त्यामुळे कंपायलरला कळतच नाही की हा प्रिंटएफसारखा प्रकार आहे, फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट जुळतात का हे तो तपासतच नाही.

बफर काढून टाकला. व्हीए_फॉरमॅट स्ट्रक्चर आणि %पीव्ही वापरलं की मधल्या बफरशिवाय थेट प्रिंटके पर्यंत जातं. मग अ‍ॅट्रिब्यूट लावलं, कंपाइल केलं आणि वॉर्निंग्जचा पाऊस!

बऱ्याचशा निरुपद्रवी, साइझ_टी ला %डी वगैरे, ते %झेडयू केलं. पण दोन जवळून बघण्यासारख्या. एक डीएमए (कार्डनं थेट मेमरीत डेटा टाकणं) एरर पाथमध्ये, फॉरमॅट "%डी: %एस" (%डी म्हणजे आकडा, %एस म्हणजे स्ट्रिंग) आणि पहिलं आर्ग्युमेंट ६४ बिटचा टाइमस्टँप. ६४ बिट मशीनवर चालून जातं. ३२ बिटवर %डी त्यातला अर्धाच भाग उचलतो आणि उरलेला अर्धा %एस च्या वाट्याला पॉइंटर म्हणून जातो. तो बहुतेक वेळा छोटासा आकडा असतो, छापणारा पहिलं पान ओळखून पॉइंटरच्या जागी नुसती एररची खूण छापतो, पण मोठा आकडा असला तर ऊप्स, म्हणजे कर्नल क्रॅश. दुसरी याहून सरळ, %एस ला थेट इंट स्टेटस कोड दिलाय. दोन्ही ओळी फक्त एरर आला तरच चालतात, म्हणून इतकी वर्षं कोणाला दिसल्या नाहीत. हार्डवेअर आधीच अडचणीत आणि त्याची बातमी द्यायला गेलेली ओळच मशीन पाडणार, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

याच झपाट्यात फिजिकल अ‍ॅड्रेस छापणाऱ्या ओळी %पीए वर नेल्या. तिथे व्हेरिएबलचा पत्ता द्यायचा, किंमत नाही, हे दरवेळी लक्षात ठेवावं लागतं. एरर कोडसाठी %पीई घेतलं, उणे ५१७ ऐवजी नाव छापलं जातं, फील्डमधून आलेला लॉग वाचणाऱ्याला खूप सोपं पडतं.

३० जानेवारी

आज फक्त एकाच जातीचे बग, डेटाच फॉरमॅट म्हणून दिलेला. डेव्ह_वॉर्न(डेव्ह, मेसेज), जिथे मेसेज कार्डच्या फर्मवेअरकडून आलाय. त्यात % आला की तो फॉरमॅटची खूण समजला जातो आणि संपलं. दुरुस्ती सगळ्यांना माहिती आहे, मध्ये "%एस" घालायचं.

पण लॉगच्या ओळी नजरेत तरी येतात. जी फंक्शन्स फॉरमॅट घेतात हे लक्षातच राहत नाही ती धोक्याची: डेव्ह_सेट_नेम, केथ्रेड_रन, अ‍ॅलॉक_वर्कक्यू, रिक्वेस्ट_मॉड्यूल, कोबजेक्ट_इनिट_अँड_अ‍ॅड. नाव घेणारं फंक्शन म्हणून माणूस नाव देतो आणि ते नाव मॉड्यूल पॅरामीटरमधून आलेलं असतं. आपल्याकडे वर्कक्यूचं नाव तसंच होतं. २०१३ मध्ये याच जातीचे दोन सीव्हीई कर्नलमध्ये निघाले होते, एक ब्लॉक लेयरच्या रजिस्टर_डिस्कमध्ये आणि एक बी४३ वायरलेस ड्रायव्हरमध्ये, तिथे फर्मवेअरच्या नावाचा पॅरामीटर फॉरमॅट म्हणून एरर मेसेजपर्यंत पोचत होता.

कोणी म्हणतं कर्नलमध्ये %एन चालत नाही मग एवढं काय? %एन काढून टाकलंय हे बरोबर, त्यामुळे फॉरमॅट स्ट्रिंगमधून मेमरीत लिहिता येत नाही. पण कर्नलच्या %पी ला एवढ्या शेपट्या आहेत, %पीएम, %पीआय, %पीव्ही, आणि त्यातल्या बहुतेक दिलेल्या पॉइंटरच्या आत जाऊन वाचतात. वाचायची मोकळीक मिळाली तरी गळती आणि क्रॅश दोन्ही जमतं.

-डब्ल्यूफॉरमॅट-सिक्युरिटी ही वॉर्निंग हे पकडते, पण कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये ती बंद असते. आपल्या मेकफाइलमध्ये चालू केली आणि एररच करून टाकली.

४ फेब्रुवारी

ईईप्रॉम, म्हणजे कार्डवरची कायमची मेमरी. सिरियल नंबरचं फील्ड १६ बाइटचं आहे आणि नंबर पूर्ण १६ अक्षरांचा असला तर शेवटी शून्य नसतो. %एस ला हे कळत नाही, तो पुढच्या फील्डमध्ये घुसतो, कॅलिब्रेशनच्या किमती अक्षरं म्हणून छापतो, जिथे शून्य भेटेल तिथे थांबतो. इथे बाहेर लिहायचा प्रश्नच नाही, वाचतानाच हद्द ओलांडली जाते, त्यामुळे एमिट घालूनही हे सुटत नाही. %.*एस आणि लांबी द्यायची. साइझऑफ थेट दिलं तर कंपायलर ओरडतो, प्रिसिजनला इंट हवा, म्हणून कास्ट.

जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी हेच फील्ड स्ट्रएनकॉपीनं दुसऱ्या अ‍ॅरेत घेतलंय, त्यात शेवटचा शून्य येईलच अशी खात्री नाही. दुसरीकडे स्ट्रएलकॉपी, ते तर आधी सोर्सची पूर्ण लांबी मोजायला जातं, म्हणजे शून्य नसलेल्या फील्डवर तेही बाहेर वाचतं. ६.८ पासून ते कर्नलमधून काढूनच टाकलंय, त्यामुळे नवीन कर्नलवर बिल्डच तुटत होतं. स्ट्रएसकॉपी घेतलं, पण साइझ १७ च्या अ‍ॅरेची देऊन चालणार नव्हतं, ते सतरावा बाइटही वाचायला गेलं असतं. शेवटी मेमकॉपी आणि हातानं शून्य, दोन ओळी, कोणालाही कळेल अशा.

कार्डवरून आलेली स्ट्रिंग लॉगमध्ये जाते तिथे %*पीई वापरलंय, पीच्या पुढे मोठा ई, तो न छापता येणारी अक्षरं एस्केप करतो. कोऱ्या ईईप्रॉममध्ये सगळे बाइट ०एक्सएफएफ असतात, ते लॉगमध्ये कच्चे नकोत. आणि मध्ये न्यूलाइन आली तर लॉगमध्ये खोटी ओळ तयार होते, वाचणाऱ्याला वाटतं कर्नलच बोलतोय. लांबी एसटीआरएनलेननं काढूनच द्यायची, नाहीतर मागचे भरतीचे शून्यही एस्केप होऊन छापले जातात.

६ फेब्रुवारी

छोटी गोष्ट पण भारी. प्रोब फंक्शनमध्ये (कार्ड सापडलं की चालणारं) लोकल अ‍ॅरेत "कार्ड%डी-आरएक्स" असं नाव बनवून इंटरप्ट नोंदवणाऱ्या रिक्वेस्ट_आयआरक्यू ला दिलंय. रिक्वेस्ट_आयआरक्यू नाव कॉपी करत नाही, पॉइंटर ठेवतं. प्रोब संपलं, स्टॅक गेला, आणि /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये कचरा. डेव्हएम_केएएसप्रिंटएफनं बनवलं, डिव्हाइस जिवंत असेपर्यंत ते नाव जिवंत. नल तपासली.

११ फेब्रुवारी

कापलं गेलं तर चालेल का, हा प्रश्न प्रत्येक जागी वेगळा. लॉगची ओळ कापली, ठीक. फर्मवेअर फाइलचं नाव कापलं तर दुसरीच फाइल मागितली जाईल, तिथे थांबायलाच हवं. अशा ठिकाणी एसएनप्रिंटएफच हवं, कारण त्याचा परत आलेला आकडा साइझएवढा किंवा मोठा असेल तरच कळतं की जागा पुरली नाही. इथे कोणी "सुरक्षित" म्हणून एससीएनप्रिंटएफ केलं तर ती इफ कधीच खरी होणार नाही आणि चुकीचं नाव मुकाट्यानं पुढे जाईल. टीममधल्या एका जुन्या पॅचमध्ये हे झालेलंच होतं, परत फिरवलं. नावांच्या मर्यादाही वेगवेगळ्या: थर्मल झोनचं नाव २० चं, आय२सी अ‍ॅडॅप्टरचं ४८ चं, नेट इंटरफेसचं १६ चं, सगळीकडे शेवटचा शून्य धरून. थर्मलसाठी आपलं नाव दोन कार्डांवर कापून सारखंच होत होतं, म्हणून नंबर पुढे आणला आणि मॉडेल मागे.

१३ फेब्रुवारी

%पी वाल्या ओळी. ४.१५ पासून %पी हॅश केलेली किंमत छापतो, खरा अ‍ॅड्रेस नाही, ते चांगलंच आहे. कोणीतरी डीबग करताना खरा पत्ता छापणारं %पीएक्स टाकून तसंच सोडलं होतं, काढलं. बाकी काही नाही.

१८ फेब्रुवारी

टेस्ट. डब्ल्यू=१ (जादा वॉर्निंग्ज) लावून बिल्ड केलं की फॉरमॅट-ट्रंकेशनच्या वॉर्निंग दिसतात, एरवी त्या बंद असतात. काही खोट्या आहेत, कंपायलर चॅनल नंबर दोन अब्जापर्यंत जाऊ शकतो असं धरतो, पण अ‍ॅरे चार बाइटनं मोठा करून वॉर्निंग गप्प बसत असेल तर मी वाद घालत नाही. कॉक्सिनेल या कोडमधले नमुने शोधणाऱ्या टूलची शो फंक्शनवाली स्क्रिप्टही चालवली, एक सुटलेलं निघालं.

क्यूईएमयूवर (व्हर्च्युअल मशीन) ४ केबी पेज, केएएसएएन चालू, पॅनिक_ऑन_वॉर्न चालू, आणि खोट्या कार्डकडून सगळं टोकाचं: ३२ चॅनल एररमध्ये, सिरियल पूर्ण १६ अक्षरांचा, फर्मवेअर व्हर्जनमध्ये % आणि न्यूलाइन. मग सिसएफएस आणि डीबगएफएसमधली प्रत्येक फाइल वाचायची, एरर पाथ इंजेक्ट करून प्रत्येक लॉग ओळ एकदा तरी छापून घ्यायची. ३२ बिटचं बिल्डही याच यादीत, त्या टाइमस्टँपमुळे. स्टेटसची फाइल ४०९५ ला कापली गेली, वॉर्निंग नाही, डीबगएफएसमध्ये ३२ ही ओळी पूर्ण.

२० फेब्रुवारी

पॅच एकत्र न देता जातीप्रमाणे वेगळे केलेत. मेमरी गळणारा डीबगएफएसचा पॅच पहिला, तो जुन्या स्टेबल ब्रँचवरही जाणार, म्हणून त्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही. त्यामागे फॉरमॅट म्हणून डेटा, मग ईईप्रॉम, मग __प्रिंटएफ, आणि सिसएफएस_एमिटचे नुसते बदल सगळ्यात शेवटी. स्टेबलच्या एका ब्रँचमध्ये कर्नल ५.१० च्या आधीचा आहे, तिथे एमिट नाही, तिथल्यासाठी चॅनल स्टेटसपुरतं एससीएनप्रिंटएफ आणि पेज_साइझ हातानं, तो पॅच उद्या लिहितोय.